टाकी रिकामी आहे, मुद्दाम

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणातली पानं ओढत होते. "मावशी, या वर्षी तुम्ही लिहायचंच. तुमचं करिअर, तुमचा स्ट्रगल." मी म्हटलं, "अगं, करिअर तुम्हा लोकांचं. मी आपलं काम केलं. आणि स्ट्रगल म्हणशील तर गंजलेल्या नटांशी केला, तेवढाच." "मग तेच लिहा," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तर हे तेच आहे. गाड्यांमध्ये रस नसलेल्यांनी लगेच पान उलटू नये. पुढे माणसं आहेत.

मिरजेला माझ्या वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि दुकानात जाऊन बसायचं, हा माझा क्लास. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मिशिगनमध्ये ट्रॉयला आले आणि घरात बसून कंटाळले, म्हणून डेल नावाच्या माणसाच्या गॅरेजात फोन घ्यायला लागले. एके दिवशी एका गाडीचं काय दुखतंय यावर तिथले तिघे बाप्ये तासभर वाद घालत होते. मी काउंटरवरूनच म्हटलं, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, आवाज येतोय की. पंप उघडला, बेअरिंगच गेलेलं होतं. डेलनं माझ्या हातात पान्हा दिला. तो मी अठ्ठावीस वर्षांनी, निवृत्त होताना खाली ठेवला.

गावातली सगळी मराठी मंडळी मला मावशी म्हणतात. डेलला वाटलं तेच माझं नाव. माझ्या कामाच्या निळ्या डगल्याच्या खिशावर त्यानं झोकात 'माउशी' असं भरून आणलं. मी सुधारायला गेले नाही. हेमा म्हणून हाक मारणारा एक नवरा घरी होता, तेवढा पुरे होता.

या डेलची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या वर्षी मी त्याला डबाभर चिवडा दिला. त्यानं डबा लख्ख घासून परत केला, आत काही नाही. मी त्याला समजावलं की आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्यानं ते फारच मनावर घेतलं. पुढच्या वेळी डब्यातून चार नवेकोरे स्पार्क प्लग आले, एकदा मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या, आणि एकदा तर त्याच्या परसातली एक ओबडधोबड भोपळी मिरची. माझा डबा त्यानंतर कधीही रिकामा घरी आला नाही.

आता थोडं धंद्याचं. काही गाड्यांना टर्बो असतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त जोर. पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तेच हे. तापलेली हवा विरळ होते आणि टर्बोची निम्मी मेहनत वाया जाते. म्हणून ती हवा इंजिनात शिरायच्या आधी एका जाळीदार पेटीतून फिरवून गार करतात. त्या पेटीला इंटरकूलर म्हणतात. आणि काही मोजक्या, जरा मस्तीखोर गाड्यांमध्ये या जाळीवर पाण्याचा फवारा मारायची सोय असते. डिकीत चार-पाच लिटरची प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी अंगठ्याएवढा पंप, तिथून पुढे गेलेली नळी, आणि ड्रायव्हरसमोर एक बटण. दाबलं की फुस्स. वाळ्याच्या पडद्यावर आपण पाणी मारायचो, त्यातलाच प्रकार. ऑगस्टच्या उन्हात गाडी पळवणाऱ्याला याचा उपयोग. बाकीच्यांना नुसतं बटण दाबल्याचं समाधान.

मिशिगनच्या हिवाळ्यात या फवाऱ्याचं काही काम नाही. बाहेरची हवाच अशी असते की इंटरकूलरला स्वेटर घालावा. पण टाकीत पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं, आणि टाकी, पंप, नळी यांतलं जे सगळ्यात कमजोर ते फोडतं. गंमत म्हणजे हे तेव्हा कळतच नाही. बर्फ असेपर्यंत सगळं जागच्या जागी. कळतं वसंतात, डिकीत तळं साचल्यावर.

म्हणून थंडीच्या आधी टाकी रिकामी करायची. आधी हातपंपानं वरचं पाणी काढायचं. मग बटण दाबून उरलेलं पाणी फवाऱ्यातून बाहेर घालवायचं, पण एका दमात नाही, दहा-दहा सेकंद. पंप कोरडा फिरला तर जळतो. फवारा खोकायला लागला, मग नुसती हवा आली, की थांबायचं. नळीतून हलकेच हवा फुंकायची. लोक विचारतात, त्यापेक्षा न गोठणारं काहीतरी घालून ठेवलं तर? नको. काच धुवायचं निळं पाणी नको, रेडिएटरचं हिरवं तर मुळीच नको, ते जाळीवर चिकटतं आणि कुत्र्यामांजरांनी चाटलं तर ती मरतात. काहीही घालू नका. रिकामी ठेवा. एवढं सोपं काम, पण लोकांना रिकामं ठेवणंच जमत नाही.

शिवाय लोक विसरतात. ऑक्टोबरची तारीख सांगून उपयोग नसतो. म्हणून मी माझ्या मराठी गिऱ्हाइकांना खंडेनवमीचा मुहूर्त दिला. त्या दिवशी तशीही आपल्याकडे हत्यारांची पूजा. सकाळी मी पान्हे मांडायचे, लिफ्टला झेंडूचा हार घालायचे, डेल टोपी काढून गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचा, आणि मग दिवसभर टाक्या. काम झालं की मी एक पिवळा कागद भरायचे: काय केलं, काय तपासलं, खाली सही. तो कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवायचे. या पिवळ्या कागदाचा मला फार अभिमान होता. तो पुढे माझी मीच उतरवला.

गिऱ्हाइकं एकेक भारी. पुण्याहून आलेला एक आयटीवाला होता, रोहित. त्यानं अशी गाडी जुनी विकत घेतली आणि दोन वर्षांनी तक्रार घेऊन आला. "मावशी, यार, हे वॉशर बिलकुल काम करत नाही. मी बटण दाबतोय, दाबतोय, काच तशीच घाण." दोन वर्षं हा गृहस्थ काच धुवायची म्हणून इंटरकूलरला आंघोळ घालत होता. मी त्याला खरं बटण दाखवलं. त्यानं ते दाबलं, काचेवर पाणी आलं, आणि इतका आनंद झाला की मला हसायचा धीर झाला नाही. एका दुसऱ्यानं गाडीला सुगंध यावा म्हणून टाकीत गुलाबपाणी भरलं होतं. बायकोच्या आवडीचं म्हणे. पुढच्या जाळीवर मिशिगनमधल्या झाडून सगळ्या मधमाश्या जमल्या होत्या.

पण मला सांगायचं आहे ते सईचं.

सई ट्रॉयमध्येच जन्मली, इथंच वाढली. मी तिला बेबी सीटमध्ये बघितलेलं आहे. इंजिनिअर झाली, इंजिनांच्या चाचण्यांचं काम करायला लागली, आणि स्वतःच्या पगारातून एक निळी टर्बो गाडी घेतली, फवाऱ्यावाली. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचे शंकू मांडून घड्याळ लावून गाड्या पळवतात, त्यात ती जायची आणि पोरांना हरवून यायची.

तिचे वडील दिलीपराव. हेही गाडीवालेच, पण दुसऱ्या टोकाचे. यांची सगळी नोकरी सीटबेल्टच्या खात्यात गेली. भिंतीवर गाड्या आपटायच्या आणि आतल्या पुतळ्यांचं काय झालं ते मोजायचं. तीस वर्षं हे बघितलेल्या माणसाला मुलीनं गाडी पळवणं कसं सोसणार? ते स्पष्टपणे घाबरले असते तर बरं झालं असतं. ते रागावले. सई म्हणाली, "इट्स माय कार अँड माय लाइफ, बाबा." ते म्हणाले, "मग ती गाडी या घरात असेपर्यंत मी गॅरेजमध्ये पाय ठेवणार नाही." झालं. बापलेकीचं बोलणं बंद. मधे आई, वर्षा, पोस्टमन. "बाबांना सांग, डिनरला नाहीये." "तिला सांग, ऐकलं मी." एकाच टेबलावर बसून.

आणि दिलीपराव शब्दाला पक्के. स्वतःची गाडी बाहेर ड्राइव्हवेमध्ये लावायला लागले. सगळा हिवाळा रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना आख्ख्या गल्लीनं त्यांना बघितलंय.

पुढच्या वर्षी सईला कंपनीनं सहा महिन्यांसाठी ॲरिझोनात, चँडलरला पाठवलं. गाडी ट्रॉयलाच, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये राहणार होती. खंडेनवमीला सकाळी ती गाडी माझ्याकडे टाकून पॅकिंगला पळाली, संध्याकाळी घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पहाटे विमानात बसली. टाकी मी स्वतः रिकामी केली होती. फवारा खोकला, थांबला, नळी फुंकली, पिवळा कागद भरला, कप्प्यात ठेवला. आजही डोळे मिटले तर प्रत्येक पायरी आठवते.

एप्रिलमध्ये सई परत आली. रविवारी तिची पहिली शर्यत होती. शुक्रवारी तिनं टाकी भरली आणि सगळं पाणी डिकीत. गाडी घेऊन माझ्याकडे आली. मी टाकी बाहेर काढली. बुडाशी, पंपाच्या खाचेपासून वरपर्यंत वीतभर चीर. गोठून फुटलेली टाकी मी शंभरात ओळखते.

"सई, ही मी रिकामी केली होती."

"आय नो तुम्ही नेहमी करता, मावशी," ती म्हणाली, आणि मग फार हळू आवाजात, "मे बी धिस वन टाइम राहिलं असेल. इट्स ओके. एव्हरीबडी फरगेट्स."

ती चिडली असती तर मी भांडले असते. त्या 'इट्स ओके'नं मला आतून जाळलं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना बोलतात तसा तो आवाज होता. निवृत्तीला वर्षही न राहिलेलं, आणि माझ्या टाकीला चीर. ती घरी गेल्यावर मी टाकी दिव्याखाली धरली. आतल्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलेलं दिसलं. चिमट्यानं काढलं. तांदळाचे चार दाणे, फुगून पुन्हा वाळलेले, कडेला गुलाबीसर. आणि झेंडूची एक पाकळी, तपकिरी झालेली.

अक्षता. माझ्या रिकाम्या टाकीची कोणीतरी पूजा केली होती आणि भरली होती.

मी वर्षाला फोन लावणार, एवढ्यात दारात दिलीपराव. सईनं घरी आईला सांगितलेलं यांच्या कानावर गेलं होतं. टोपी हातात. डेलनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कॉफी आणायला म्हणून निघून गेला. त्याच्या हातात भरलेला कप होता.

"हेमाताई," दिलीपराव म्हणाले, "ते मी केलं."

दसऱ्याच्या दिवशी पोर उडून गेली, घर सुनं झालं, आणि हे गृहस्थ, ज्यांनी गॅरेजमध्ये पाय न ठेवण्याची शपथ घेतली होती, ते तबक घेऊन गॅरेजमध्ये गेले. तिच्या गाडीला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग म्हणे बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू केली, तर समोर पिवळा दिवा. फवाऱ्याच्या टाकीत पाणी नाही, असं सांगणारा.

"सीटबेल्टचा दिवा लागला तर लोक दुर्लक्ष करतात, याच्याशी मी तीस वर्षं भांडलो," ते म्हणाले. "मी कसं दुर्लक्ष करणार? डिकी उघडली. झाकणावर लिहिलेलं, फक्त पाणी. आत बघितलं तर ठणठणीत कोरडी. दसऱ्याच्या दिवशी, हेमाताई, मुलीच्या गाडीत रिकामं भांडं. बघवेना. पूजेच्याच तांब्यानं पाच तांबे पाणी घातलं. काठोकाठ."

"आणि गोठेल हे डोक्यात आलं नाही? इंजिनिअर ना तुम्ही?"

"गॅरेज घराला लागून आहे. म्हटलं तिथं कुठं गोठतंय."

हा मिशिगनमधल्या निम्म्या लोकांचा समज आहे. जानेवारीतला एक कडक आठवडा तो दरवर्षी खोटा पाडतो. मार्चमध्ये दिलीपरावांना डिकी ओली दिसली. टॉवेल घालून पुसली आणि देवाला हात जोडले. पाच महिने ते दर रविवारी, वर्षा देवळात गेली की, त्या गॅरेजमध्ये जात होते. गॅरेजचं दार उघडून गाडी चालू करायची, वीस मिनिटं आत बसायचं, पुसायची, बाहेर यायचं. आणि रोज सकाळी लोकांदेखत आपल्या गाडीचा बर्फ खरवडायचा.

"माझा कागद नाही दिसला? पिवळा?"

"कुठं होता?"

"पुढच्या कप्प्यात."

"तिच्या कप्प्यात मी कसा हात घालेन?" दिलीपराव म्हणाले. मुलीच्या गाडीचा कप्पा म्हणजे त्यांच्या लेखी तिची पर्स होती.

खरं सांगते, तिथं माझा अभिमान जरा खाली बसला. कागद झाकणावर हवा होता. जिथं हात जातो तिथं. इतकी वर्षं मी तो चुकीच्या जागी ठेवत आले आणि कोणी बोललं नाही म्हणून बरोबर समजत आले.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "गाडीला हात लावणार नाही असं इतकं ऐकवलंय मी. त्यात तोडूनही ठेवली. तोंड कसं दाखवू?"

मी शब्द दिला. सईला नवी टाकी माझ्याकडून बसवून दिली आणि म्हटलं, राहिलं असेल गं माझ्याकडून. हे वाक्य उच्चारताना माझी जीभ चिकटत होती, पण मला वाटलं, मी मोठ्या मनाची. बापाची लाज राखली.

कसलं मोठं मन! मूर्खपणा केला मी. सई माझ्याकडे यायची बंद झाली. भांडण नाही, काही नाही, मंडळात भेटली की "हाय मावशी" म्हणून मिठी मारायची, पण गाडी दुसरीकडे. तेही सोसलं असतं. पण घरातला पोस्टमन चालूच होता, आणि सप्टेंबरात वर्षा मला दुकानात भेटली ती रडवेली. सईला चँडलरला कायमची नोकरी देऊ करत होते आणि ती हो म्हणणार होती. "आधी एक हिवाळा राहून बघते म्हणाली, मग घर घेणार. गाडीही घेऊन चाललीय. मी म्हटलं गाडी तरी राहू दे इथं, तर म्हणते, आई, त्या घरात माझ्या गाडीकडे कोणी बघत पण नाही." कढीपत्त्याची जुडी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. कोणी बघत नाही! आणि बघणाऱ्याचा पुरावा माझ्या फडताळात पडून होता. टाकी मी फेकली नव्हती. दाणे एका पाकिटात ठेवले होते.

खंडेनवमीच्या सकाळी, मी पान्ह्यांना कुंकू लावत असताना, निळी गाडी दारात. सई खाली उतरली, जरा ओशाळलेली. "मावशी, तिकडे ट्रेलरवर चढवून न्यायच्या आधी गाडी महिनाभर त्यांच्या यार्डमध्ये, उघड्यावर राहणार आहे. टाकी ड्रेन करायचीय. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, व्हॉट टँक?"

गावात या टाकीची कोणाला कदर नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानले. मग फडताळातून फुटकी टाकी आणली, पाकीट उघडलं आणि दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

"हे काय?"

"तुझ्या टाकीत होते. कुंकू लावलेले तांदूळ. तू गेलीस त्या दिवशी कोणीतरी गाडीची पूजा करून टाकी भरली."

"आई?"

"तुझ्या आईला डिकी कुठून उघडते तेही माहीत नाही."

मी सगळं सांगितलं. पिवळा दिवा, पाच तांबे, रविवारची वीस मिनिटं, मार्चमधला टॉवेल. दिलेला शब्द मोडला. तो मोडल्याचं मला काही वाटत नाही, पाच महिने पाळल्याचं वाटतं.

"बट ही स्क्रेप्ड हिज विंडशील्ड," सई म्हणाली. "एव्हरी सिंगल डे. आई मला व्हिडिओ पाठवायची."

"हो."

"अँड ऑल दॅट टाइम ही वॉज... सिटिंग इन माय कार?"

"दर रविवारी. वीस मिनिटं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. डेलनं कागदी रुमालांचा आख्खा खोका आणून ठेवला आणि झेंडूच्या हाराकडे बघत उभा राहिला. मग सईनं फोन काढला. मला वाटलं आईला लावेल, सवयीप्रमाणे.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, टाकी रिकामी करायचीय. मला एकटीला नाही जमत. यू कम."

दहा मिनिटांत दिलीपराव आले. पायात घरातल्या सपाता. सीटबेल्ट मात्र लावलेला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही एकदम माझ्याकडे बघायला लागले, जसा काही आता पोस्टमन मीच. मी म्हटलं, "मला नका सांगू. तुम्ही आत बसा, बटण दाबा. तू पुढे जाऊन फवारा बघ." आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला माझं काम करू दिलं.

वरचं पाणी काढून झाल्यावर दिलीपरावांनी बटण दाबलं. सई जाळीपुढे वाकून बसली होती. "येतंय! दाबा! बाबा, स्टॉप, टेन सेकंद झाले!" ते थांबले. "आता परत! अजून! अजून थोडं!" फवारा खोकला. तिच्या चेहऱ्यावर पाणी उडालं. "संपलं?" त्यांनी आतून ओरडून विचारलं. "संपलं!" ती ओरडली. दोन वर्षांत ते दोघं एकमेकांशी इतके शब्द बोलले नव्हते.

मी पिवळा कागद भरायला घेतला, तर दिलीपरावांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "या वेळी मी लिहितो. कुठं लावायचा तेही मला माहीत आहे."

सई चँडलरला गेली, ठरल्याप्रमाणे. एक हिवाळा राहून बघायला. गाडी मात्र नेली नाही. मला म्हणाली, "तिकडे विंटरच नाही, मावशी, टँक रिकामी पण करावी लागणार नाही. पण बाबांना इथं काहीतरी काम पाहिजे ना." आता ती घरी रोज फोन करते. वर्षाची तक्रार आहे की गाडीबद्दल बोलून होईपर्यंत तिच्या वाट्याला काही उरतच नाही. शर्यतीला दिलीपरावांचा अजून विरोध आहे. पण विरोध ते आता थेट तिलाच सांगतात.

मी त्याच डिसेंबरात निवृत्त झाले. डेलनं निरोपाला माझा जुना डबा परत केला, आत माझा पहिला पान्हा.

एप्रिलमध्ये दिलीपरावांचा फोन आला. "हेमाताई, सई आज येतेय. टाकी भरण्याआधी एकदा तुमच्या नजरेखालून घालायची होती. कामावर नाही आहात, ठाऊक आहे. चहाला म्हणून या." त्यांची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये, निळ्या गाडीच्या शेजारी उभी होती. त्यांनी डिकी उघडून दिली आणि चहाचं बघायला आत गेले.

टाकी कोरडी खडखडीत होती. चीर नाही, ओल नाही. झाकणावर, अगदी जिथं हात जातो तिथं, पिवळा कागद चिकटवलेला. इंजिनिअरी अक्षरात लिहिलं होतं: 'रिकामी आहे. मुद्दाम. – बाबा.' आणि टाकीच्या शेजारी, गाडी वळली तरी घरंगळू नये म्हणून नीट पट्ट्यानं बांधलेली, एक स्टीलची छोटी डबी. मी उघडून बघितली. साखर.

चिमूटभर तोंडात टाकली आणि पाणी आणायला गेले.